इदं न मम, आणि कपाटाची किल्ली



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22.

सतरावा अध्याय म्हणजे श्रद्धात्रयविभागयोग. गेले काही दिवस आपण तो सावकाश वाचतोय. श्रद्धा तीन प्रकारची, आहार तीन प्रकारचा, यज्ञ आणि तपही तीन प्रकारचं. आज आपण दानापाशी आलोय. भगवंत तीनच श्लोकांत हा विषय संपवतात. देणं हे माझं कर्तव्यच आहे एवढ्या एका भावनेनं, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक. परत काहीतरी मिळेल या आशेनं, फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुरकुरत दिलेलं राजस. आणि नको त्या जागी, नको त्या वेळी, अपात्राला, मान न राखता, तुच्छतेनं दिलेलं तामस.

शाळेत असताना मी हे श्लोक पाठ केले होते. गीतापठणाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. तेव्हा सगळं फार सोपं वाटायचं. सात्त्विक म्हणजे आपण. राजस म्हणजे देवळाच्या पायरीवर स्वतःचं नाव कोरून घेणारे शेठजी. तामस म्हणजे कुणीतरी दुष्ट माणूस, जो आपल्या ओळखीत नसतो.

मग गेल्या श्रावणात रोह्याजवळच्या एका वाडीवर, एका कुलूप लावलेल्या कपाटासमोर मी उभी राहिले, आणि हे श्लोक मला नव्यानं वाचावे लागले. आज तेच सांगायचंय. गोष्ट आमच्याच चुकीची आहे, त्यामुळे लिहायला जरा जड जातंय.

चारशे पुस्तकं आणि एक फोटो

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही डोंबिवली-ठाण्याची दहा-बारा मुलंमुली. सगळे नोकरी करणारे, एकादशीला एकत्र हरिपाठ म्हणणारे. एकानं कल्पना मांडली, की नुसतं म्हणून काय उपयोग, काहीतरी सेवा करू. रोहा माझं आजोळ, म्हणून मी रोह्याजवळच्या कातकरी वाडीवरची शाळा सुचवली. महिनाभर व्हॉट्सॲपवर आवाहन केलं. चारशेच्या आसपास पुस्तकं जमली. वर्गणी काढून एक छान काचेचं कपाट घेतलं. 26 जानेवारीला पहाटे उठून दिवा-रोहा गाडी पकडली, रोहा स्टेशनला उतरलो आणि दोन मिनीडोर करून वाडीवर पोचलो. कपाट आणि खोकी आदल्या दिवशीच टेम्पोनं पाठवली होती.

झेंडावंदन झालं. आम्ही भिंतीवर झाड रंगवलं, त्याच्या फांद्यांवर अक्षरं. कपाटाला लाल फीत बांधली. कपाटावर आमच्या ग्रुपच्या नावाचं स्टिकर लावलं. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. दुपारच्या गाडीनं परत. त्या रात्री माझ्या स्टेटसला किती जणांनी हात जोडले होते ते मी मोजलं होतं. हो, मोजलं होतं.

निघताना वाडीतल्या एका मावशींनी कोरा चहा ठेवला होता. आम्ही म्हटलं, "राहू दे मावशी, गाडी चुकेल." आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या होत्याच. हा चहा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मग दीड वर्ष गेलं. गेल्या श्रावणात मामेबहिणीच्या मुलाच्या बारशाला रोह्याला गेले होते. कुंडलिका दुथडी भरून चालली होती. म्हटलं, सहज वाडीवर जाऊन येऊ. शाळा भरलेली होती. कपाट जागेवर होतं. काच स्वच्छ पुसलेली. आत पुस्तकं आम्ही लावली होती तशीच, उंचीप्रमाणे, एकाही पानाला घडी नाही. आणि कडीला कुलूप.

गुरुजींना विचारलं तर ते संकोचले. म्हणाले, "किल्ली माझ्याकडेच असते ताई. पुस्तकं फाटली, हरवली, तर उद्या तुम्ही लोक काय म्हणाल? एवढ्या लांबून आणून दिलंत. म्हणून जपून ठेवलंय."

मी त्यांच्यावर रागवणार होते. तेवढ्यात मागून एक पाचवीतली मुलगी पुढे आली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, तुमचं कपाट कधी उघडणार?"

तुमचं कपाट.

मंडळी, त्या एका शब्दात मला दीड वर्षाचा हिशोब मिळाला. दान आम्ही केलंच नव्हतं. आमची एक वस्तू आम्ही त्यांच्या घरात ठेवून आलो होतो, आणि सांभाळायचं ओझं त्यांच्यावर टाकून आलो होतो.

देश, काल, पात्र

परतीच्या गाडीत मी गीता उघडली. विसाव्या श्लोकातले तीन शब्द एकेक करून आमच्या सेवेला लावून पाहिले : देश, काल, पात्र.

आधी काल. आम्ही गेलो तेव्हा वर्गात मुलं कमी दिसली होती. आम्हाला वाटलं, सणाचा दिवस म्हणून नसतील आली. गुरुजींनी आता सांगितलं तेव्हा कळलं, की दिवाळी झाली की वाडीतली निम्मीअधिक घरं बंद होतात. आईबाप वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर कामाला जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर. पावसाच्या तोंडावर परत येतात. रायगडमधल्या किती कातकरी कुटुंबांचं वर्ष असंच दोन तुकड्यांत विभागलेलं असतं. एकेकाळी ही माणसं खैराच्या लाकडापासून कात काढायची, म्हणून कातकरी. जंगल हातातून गेलं, तसं पोट भट्टीवर गेलं. म्हणजे आम्ही पुस्तकं घेऊन गेलो ते अशा महिन्यात, जेव्हा वाचणारी पोरंच तिथं नव्हती. तो दिवस सोयीचा होता, पण आमच्या सोयीचा. सुट्टी होती आणि तारीख फोटोत चांगली दिसणार होती.

मग देश. पुस्तकांत इंग्रजी ज्ञानकोश होते, परीक्षांची जुनी गाइडं होती, कुणाच्या तरी घरातली नकोशी झालेली जाडजूड ठोकळी होती. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या, पहिली-दुसरीत मराठीशी झटणाऱ्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं निघाली जेमतेम चाळीस. बाकीची आम्ही दिली नव्हती. आम्ही आमची घरं रिकामी केली होती.

आणि पात्र. इथं मी सगळ्यात जास्त अडले. आपण हा शब्द नेहमी समोरच्याला लावतो : तो दान घ्यायला पात्र आहे का? पण पात्र म्हणजे भांडंसुद्धा. ज्यात काही ओतता येतं ते. मग भांडं फक्त घेणाऱ्याकडेच हवं का? मावशींचा कोरा चहा घ्यायला आमच्याकडे भांडं नव्हतं. "तुमच्या मुलांना काय हवंय?" या प्रश्नाचं उत्तर ऐकून घ्यायलाही नव्हतं, कारण तो प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

तामस दानाबद्दल बोलताना बाविसाव्या श्लोकात भगवंत एक शब्द वापरतात : असत्कृत. म्हणजे सत्कार न करता, मान न राखता दिलेलं. मला वाटायचं, मान न राखणं म्हणजे हिडीसफिडीस करणं, तोंडावर पैसे फेकणं. आम्ही तर हसतमुखानं गेलो होतो, सगळ्यांशी गोड बोललो होतो. पण ज्याला द्यायचं त्याला काहीच न विचारणं, हाही मान न राखण्याचाच एक प्रकार आहे की नाही? मला आता वाटतं, आहे. तो जास्त फसवा आहे, कारण तो प्रेमासारखा दिसतो.

ही चूक फक्त आपली नाही

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या शेजारच्या चर्चची तरुण मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत दूरच्या गरीब देशात जातात. वर्षभर केक विकून, गाड्या धुऊन पैसे जमवतात आणि दोन आठवडे तिथं राहून शाळेचं ग्रंथालय बांधतात. सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट. विटा वाहतात, भिंती रंगवतात, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात. भाऊ हे कौतुकानं सांगत होता आणि मला हसू येत होतं, कारण टीशर्टाचा रंग सोडला तर ते आम्हीच होतो. त्यांचा भाव खोटा नाही. आमचाही नव्हता. पण एक गंमत बघा. आमच्या वाडीतली माणसं वर्षाचे सहा-सात महिने वीट पाडतात. वीट कशी करायची, कशी भाजायची, हे त्यांना शिकवायला जगातल्या कुठल्याही चर्चची किंवा कुठल्याही हरिपाठ मंडळाची गरज नाही. परदेशातल्या त्या गावातही गवंडी असणारच की.

मग लांबून आलेल्या माणसानं काहीच करू नये का? असंही नाही. याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई 1827 साली चर्चच्या मिशनतर्फे मुंबईत आली. मुलींच्या शाळा हे तिचं काम. 1839 मध्ये ती नगरला गेली आणि 1862 मध्ये तिथंच वारली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. तो आपल्याला पटो न पटो, पण ती बाई पाहुणी म्हणून आली नव्हती. उरलेलं सगळं आयुष्य तिनं इथं घालवलं. जोतिराव फुल्यांनी नगरला तिच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. आणि 1848 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भिडेवाड्यातली शाळा फरारबाईंची नव्हती. ती फुल्यांची होती. त्यांच्या हिमतीची, त्यांनी झेललेल्या शेणामातीची. लांबून आलेल्या माणसाच्या कामाचं खरं फळ हेच नाही का, की ते बघून इथल्या माणसानं स्वतःचं काहीतरी उभं करावं, आणि त्यावर पहिल्याचं नाव नसावं?

आता शाळेकडून ग्रंथालयाकडे येऊ. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यातलं एक सूत्र मला फार आवडतं. गावात वाचनालय हवं, तर आधी गावानं स्वतः वर्गणी काढायची. मग त्यात पंचायतीची आणि सरकारची भर पडायची. राजाला काय, हुकूम काढून फुकट देता आलं असतं. पण गावाचा पैसा पडला की वाचनालय गावाचं होतं. आणि जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. वाचकानं पुस्तकापर्यंत यायचं नाही, पुस्तकानं वाचकापर्यंत जायचं.

रोह्यात जन्मलेला एक विचार

ज्या गावाच्या स्टेशनवर मी फीत आणि कात्री पिशवीत घेऊन उतरले होते, त्याच रोह्यात 19 ऑक्टोबर 1920 रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. आपण त्यांना दादाजी म्हणून ओळखतो. मी स्वाध्याय परिवारात वाढलेली नाही. पण माझ्या आजीच्या तोंडी त्यांचं नाव असायचं, म्हणून परत आल्यावर मी त्यांच्या कामाबद्दल जरा नीट वाचलं.

दादाजी स्वतः पुस्तकांत बुडालेले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांनी वर्षानुवर्षं वाचन केलं. 1954 मध्ये जपानमधल्या तत्त्वज्ञांच्या परिषदेत गीतेचा विचार मांडला. तिथं परदेशात काम करायची संधी चालून आली होती, ती नाकारून ते परत आले. पण परत आल्यावर या पुस्तकवेड्या माणसानं आपल्या माणसांना गावोगाव पाठवलं ते कशासाठी? काही वाटायला नाही. 1958 च्या सुमारास गुजरातच्या गावांत सुरू झालेली ती भक्तिफेरी. शहरातली शिकली-सवरलेली माणसं स्वखर्चानं जायची, जेवण आपलं आपण न्यायची, गावाकडून काही घ्यायची नाहीत. दारोदार जाऊन माणसाला भेटायची. तुझ्या हृदयात जो बसलाय तोच माझ्या हृदयात बसलाय, म्हणून तू माझा भाऊ, म्हणून भेटायला आलो, एवढंच. आणि एकदाच नाही. पुन्हा पुन्हा त्याच गावात, त्याच दारात.

आता तो कोरा चहा आठवा. भक्तिफेरीतली माणसंही गावचं काही घेत नाहीत. आम्हीही घेतलं नाही. वरून बघितलं तर कृती एकच. पण ते घेत नाहीत, कारण गरिबाच्या चुलीवर आपला भार नको. आम्ही घेतला नाही, कारण गाडीची वेळ झाली होती. सतरावा अध्याय सगळा याच फरकाबद्दल आहे. यज्ञ तोच, तप तेच, दान तेच, पण मागची श्रद्धा वेगळी असेल तर वस्तूच वेगळी होते.

दादाजींच्या प्रयोगांतला अजून एक मला थेट भिडला : योगेश्वर कृषी. गावातलं एक शेत कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं कसायचं. गावातल्या माणसांनी पाळीपाळीनं येऊन तिथं राबायचं, पुजारी म्हणून. पीक येईल ते देवाचं. आणि त्यातून गरजूला जे मिळेल तो प्रसाद. ही जी संपत्ती उभी राहते तिला ते अपौरुषेय लक्ष्मी म्हणायचे, म्हणजे कुणा एका माणसाची नसलेली. यात किती खोल विचार आहे बघा. देणारा कोण हे माहीतच नाही, मग घेणाऱ्याची मान खाली कशी जाईल? आणि देणाऱ्याला तरी स्टेटस कशाचं ठेवता येईल?

यज्ञात आहुती टाकताना आपण म्हणतो, इदं न मम. हे माझं नाही. लहानपणी मला वाटायचं, हे देवाला सांगायचं असतं. आता वाटतं, हे स्वतःला ऐकवायचं असतं. देवाला ठाऊकच आहे की ते माझं नाही. ठाऊक नसतं ते मला. आम्ही चारशे पुस्तकं दिली, पण आमच्यातला एकही जण मनातून न मम म्हणाला नव्हता. उलट कपाटावर मम असं स्टिकर लावून आलो होतो. मग त्या पोरीला ते "तुमचं कपाट" वाटलं, यात तिचं काय चुकलं? तिनं फक्त स्टिकर वाचलं. आणि तेसुद्धा मराठी वाचता येतंय म्हणून वाचलं!

पण थांबा, एक शंका

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तेव्हा एका मैत्रिणीनं मला चांगलंच धारेवर धरलं. म्हणाली, "तू फार विचार करतेस. ज्या पोराच्या घरात एक पुस्तक नाही, त्याला तुझ्या भावनेशी काय देणंघेणं? राजस का असेना, पुस्तक ते पुस्तकच. भुकेल्याला भाकरी देताना फोटो काढला म्हणून भाकरीनं पोट भरत नाही का? तुझ्यासारखे लोक मन शुद्ध करत बसतात आणि तोवर पोरं मोठी होतात."

मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. कारण तिचं बरंचसं खरंच आहे. मन पूर्ण शुद्ध झाल्यावरच देईन असं म्हणणारा माणूस कधीच काही देत नाही. अठराव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात भगवंत स्पष्ट सांगतात, की यज्ञ, दान आणि तप ही कर्मं सोडायची नाहीत, ती करायचीच. आपला भाव राजस आहे असं कळलं म्हणून घरी बसायचं, ही पळवाट आहे.

पण लगेच पुढच्या श्लोकात ते म्हणतात, की ही कर्मंसुद्धा आसक्ती आणि फळ सोडून करायची. इथं मला मैत्रिणीचं उत्तर मिळालं. भाकरी पोटात गेली की ती आपली राहत नाही. तिथं आसक्तीला जागाच उरत नाही. पण पुस्तक, कपाट, इमारत या वस्तू उरतात, त्यामुळे त्यांच्यावर आपली आसक्तीही उरते. आणि ती फक्त आपल्या मनात राहिली असती तर चाललं असतं. तसं होत नाही. ती कुलूप होऊन कडीला लागते. गुरुजींना आमची भीती वाटली, ती आमच्या आसक्तीचीच सावली होती. म्हणजे भाव अशुद्ध असल्याचा तोटा फक्त देणाऱ्याच्या पारलौकिक खात्यात पडत नाही. तो पाचवीतल्या एका मुलीला दीड वर्ष पुस्तकाविना ठेवतो. म्हणून भावाचा विचार करायचा. आपलं पुण्य वाचावं म्हणून नाही, तिचं पुस्तक तिला मिळावं म्हणून.

थोर ग्रंथपाल रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की पुस्तकं असतात ती वापरासाठी. इतकी साधी गोष्ट पहिलं सूत्र म्हणून का सांगावी लागली असेल? कारण जपून ठेवण्याचा मोह फार जुना आहे. एकेकाळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत. वापरायचं म्हणजे झिजू द्यायचं, फाटू द्यायचं, कधी हरवूही द्यायचं. दान पूर्ण कधी होतं? मला आज असं वाटतं, की देणारा न मम म्हणतो आणि घेणारा माझं म्हणतो, तेव्हा. आणि माझं म्हणण्यात ते फाडण्याचा हक्कही येतो.

मग पुढे काय झालं

फार मोठं काही झालं नाही. त्या दिवशी मी गुरुजींसमोर नखानं स्टिकर खरवडून काढलं. पूर्ण निघालं नाही, त्याचा चिकट डाग अजून आहे. गुरुजींना म्हटलं, "यातलं एकही पुस्तक आम्हाला परत दाखवायचं नाही. सगळी फाटली तरी आम्ही विचारणार नाही." त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग आम्ही पुन्हा गेलो, चौघंच, कॅमेरा न काढता. वाडीतल्या आयांशी बसून बोललो. खरं म्हणजे ऐकलं. या वेळी कोरा चहा घेतला, दोनदा.

एक आई म्हणाली, "आम्ही भट्टीवर जातो तवा ही कपाटं काय कामाची?" तेव्हा मला सयाजीरावांच्या पेट्या आठवल्या. मी सुचवलं आणि त्यांनाही पटलं. मग दिवाळीच्या आधी पत्र्याच्या तीन पेट्या केल्या. पैसे निम्मे आमचे, निम्मे वाडीनं घराघरातून काढले. कुणी दहा, कुणी वीस रुपये. त्या भट्टीवर जाणाऱ्या घरांबरोबर गेल्या. किल्ली आता गुरुजींकडे नसते. सातवीतल्या तीन मुलींकडे असते आणि वहीत नावं त्याच लिहितात. पाऊस तोंडावर आला आणि पेट्या परत आल्या, तेव्हा अकरा पुस्तकं नव्हती. एक शेळीनं खाल्लं होतं. काही धुरानं आणि विटांच्या लाल मातीनं अशी माखली होती, की चित्रं ओळखू येत नव्हती. एका पेटीतली पुस्तकं मात्र जवळजवळ कोरी होती. त्या भट्टीवर पोरांना दिवसभर काम असायचं, वाचायला उजेडच उरायचा नाही. तो प्रश्न पेटीनं सुटणारा नाही. तो फार मोठा आहे, आणि त्याच्यापुढे आम्ही अजून नुसते उभे आहोत. इथं लिहितेय ते यासाठी, की आमचं सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटू नये.

पण पाचवीतली ती मुलगी, आता सहावीत गेलेली, मला म्हणाली, "ताई, आमची पेटी बघायची का?"

आमची. मंडळी, माझ्यासाठी ती आहुती तेव्हा पोचली.

आजचा छोटा संकल्प

या आठवड्यात तुम्ही कुणाला काही देणार असाल, घरकाम करणाऱ्या मावशींना जुने कपडे, सोसायटीच्या वॉचमन काकांच्या मुलाला पुस्तकं, एखाद्या आश्रमाला धान्य, तर देण्याआधी दोन गोष्टी करून बघा. पहिली, त्यांना विचारा, काय हवंय, कधी हवंय. आणि उत्तर येईपर्यंत थांबा, घाईनं आपणच उत्तर देऊ नका. दुसरी, वस्तू हातातून सुटताना मनात एकदा इदं न मम म्हणा. आणि मग ती वस्तू कुठे गेली, कशी वापरली, याची चौकशी करायची इच्छा झाली, तर ती इच्छा नीट निरखून बघा. ती त्यांच्या काळजीतून आली आहे, की आपल्या मालकीतून? दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो. फरक फक्त आपल्याला आणि आत बसलेल्याला कळतो.

भगवंता, माझ्या हातून जे जाईल ते खरंच जाऊ दे. त्याच्या मागे माझी दोरी बांधलेली राहू देऊ नकोस. आणि कुणी प्रेमानं पुढे केलेला चहा घ्यायला माझ्याकडे वेळ असू दे.

उद्या आपण तेविसावा श्लोक वाचू. ॐ तत् सत् म्हणजे काय, आणि प्रत्येक यज्ञ-दान-तपाच्या सुरुवातीला ते का म्हणायचं.

श्रीकृष्णार्पणमस्तु.